‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांना

मुस्लिम माणूस मराठीत लिहू लागला की त्याला दोन संपादक भेटतात. एक मासिकाचा, तो शुद्धलेखन तपासतो. दुसरा बिरादरीचा, तो विचारतो, ‘हे छापायलाच हवे का? आणि आत्ताच?’ लिहिणारी बाई असेल तर हा दुसरा संपादक तिच्या घरातच राहतो. माझा एक लेख वर्षभर त्याच्याकडे पडून आहे.

लेखाचा विषय तलाक नाही, बुरखा नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि वाचणारे त्याहून जास्त. माझा विषय आहे हक्कसोड पत्र. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा मागे एक घर आणि चार एकर जमीन राहिली. वारस म्हणजे अम्मी, दोन भाऊ, दोन बहिणी. शरियतचा हिशेब माझ्या आठवीच्या पोरीही करतील. अम्मीचा आठवा हिस्सा काढायचा, उरलेल्याचे सहा भाग करायचे. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. चार एकरांत एका बहिणीचे साधारण तेवीस गुंठे होतात. प्रत्यक्षात भाईजानने टाईप केलेला कागद आणला, आपाने सही केली. मी अजून केलेली नाही. लेखात एवढेच आहे. एवढ्याने लोक अस्वस्थ होतात, म्हणून हा दुसरा लेख लिहावा लागला.

पहिला आक्षेप वेळेचा. ‘दिवस वाईट आहेत, आपल्याच घराचे कपडे चव्हाट्यावर धुऊ नका, दुसऱ्याच्या हाती कोलीत देऊ नका.’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. माझ्या लेखाचे कात्रण कोण कुठे मिरवील हे मला कळते. पण मी विचारते, चांगले दिवस कधी होते? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तेव्हाही हेच ऐकवले गेले. दलवाईंची सगळी मते मला पटत नाहीत, पण त्या सात जणींना मुहूर्त चुकल्याचे सांगणाऱ्यांनी पुढे कधी दुसरा मुहूर्त काढून दिला नाही. १९८५ साली शाहबानोचा निकाल आला, तेव्हा वेळ नव्हती. १९९२ नंतर नव्हती, २००२ नंतर नव्हती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला आणि २०१९ साली कायदा झाला, तेव्हा तर मुळीच नव्हती. वाट पाहायला सांगणाऱ्यांच्या नावावर मात्र या काळात बहिणींच्या जमिनी लागत गेल्या. सातबाऱ्याला फेरफार लावायला काळ वाईट आहे असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि ज्यांच्या हाती कोलीत जाईल म्हणतात, त्यांच्यासाठीही लेखात दोन ओळी आहेत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसून पाहा. आपल्या आपाच्या शेजारी कुणाची तरी ताईही त्याच कामाला आलेली असते. हिंदू मुलीला १९५६ पासून कायद्याने वारसा आहे आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका हक्क आहे. तरी तीही माहेर तुटू नये म्हणून सही करते आणि दिवाळीला साडी घेऊन परत जाते. आमच्याकडे ईदचा जोडा. तेव्हा फक्त कायदा बदलून बहिणीच्या हाती जमीन येईल, असे सांगणाऱ्यांनी आधी आपल्या घरातला उतारा दाखवावा.

२०१६ च्या अखेरीस आमच्या मोहल्ल्यात घरोघर अर्ज फिरले. शरियतमध्ये ढवळाढवळ नको, म्हणून बायकांच्या सह्या घेतल्या गेल्या. मीही त्या गर्दीत होते. सूरह निसाच्या सातव्या आयतीत आईबापांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत, ती थोडी असो की जास्त, बायकांचा हिस्सा ठरवून दिला आहे. अकराव्या आयतीत त्याचे प्रमाण आहे. हिस्सा बुडवणे ही शरियतमधली ढवळाढवळ नव्हे काय? त्यासाठी अर्ज फिरल्याचे मला आठवत नाही. १९३७ चा शरियत कायदाही पाहा. त्यात निकाह आला, तलाक आला, मेहर आला, वारसाही आला, पण कलम दोनमध्ये शेतजमीन तेवढी वगळली. म्हणजे बाईला घरात कोंडायला शरियत बांधापर्यंत येते आणि बांधावर थांबते.

‘आपाने खुशीने दिले,’ असे भाईजान म्हणतो. कागदातही ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ असे छापील शब्द असतात. खुशीने हक्क सोडता येतो, हे मलाही माहीत आहे. पण खुशीला पर्याय लागतो. सही केली नाही तर बाळंतपणाला कुठे जायचे, नवऱ्याने हाकलले तर कुणाचे दार वाजवायचे, हे ज्या बाईला ठाऊक नाही तिच्या खुशीला मी खुशी म्हणत नाही. शिवाय तो कागद आपाने वाचलेलाच नाही. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली. कागद कचेरीच्या मराठीत होता. तिने त्याखाली उर्दूत सुरेख अक्षरात सही केली.

म्हणूनच ‘लिहायचेच तर उर्दूत लिही, आपसात राहील’ हा सल्ला मला मंजूर नाही. उर्दू माझी रोटी आहे आणि जानही आहे. पण आमचा हक्क मराठीत गेला. वारस नोंद मराठीत, फेरफार मराठीत, तलाठ्याची नोटीस मराठीत. मग तक्रार तेवढी उर्दूत का? (नववीच्या मुलींना मी अलीकडे निबंधाऐवजी सातबारा वाचायला देते. अभ्यासक्रमात नाही, पण साहेबांनी अजून विचारलेले नाही.)

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मात्र मला टोचतो. ‘ज्या भावाने बी.एड.ची फी भरली त्याचीच बदनामी करतेस?’ भाईजानने फी भरली, हे खरे आहे. वसतिगृहात सोडायलाही तोच आला होता आणि बिरादरीतल्या टोमण्यांना त्यानेच तोंड दिले. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर लेख सोपा झाला असता, एका दिवसात छापायला दिला असता. अम्मी त्याच्याकडे राहते. आपाच्या लेकीचे ठरायचे आहे. कस्ब्यात नाव बदलून काही लपत नाही. पण उपकार आणि हिस्सा ही दोन वेगळी खाती आहेत. फी परत मागितली तर मी हप्त्याने देईन. तेवीस गुंठे ही फी नव्हे.

घरातले लिहिणाऱ्यांना किंमत मोजावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. १९३२ साली लखनौला ‘अंगारे’ निघाले. त्यात डॉक्टर रशीद जहाँ होत्या. त्यांना धमक्या आल्या आणि १९३३ च्या मार्चमध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. आज त्याच रशीद जहाँचे नाव घेऊन व्याख्याने देणारे आमचे बुजुर्ग मला म्हणतात, ‘बेटी, जरा सबूर.’

मी भाईजानच्या आधी आपाला विचारले. ती म्हणाली, ‘सातबारे में तो नाम नै रहा, किताब में तो रहने दे.’ तरी तिच्या लेकीसाठी मी ते नाव घातलेले नाही.

लेख आता संपादकांकडे गेला आहे. त्याची एक प्रत मी भाईजानला दिली. त्याला त्यात काही खोटे आढळले तर त्याने लिहावे. त्याची मराठी कच्ची आहे. शुद्धलेखन मी तपासून देईन, मजकुराला हात लावणार नाही.