आधी गल्ला, मग रील

कॅलिफोर्नियात नेवाडा सिटीला ‘वाइल्ड अँड सीनिक’ हा साहस आणि पर्यावरणाच्या फिल्म्सचा महोत्सव भरतो. २००३ मध्ये तो सुरू केला युबा नदीवरच्या धरणांविरुद्ध लढलेल्या स्थानिक संस्थेने. म्हणजे आधी काम, मग पडदा.

अशाच महोत्सवांत गाजलेली ‘डॅमनेशन’ (२०१४) जरूर बघा. निरुपयोगी धरणं पाडून नद्या मोकळ्या करण्याची गोष्ट. पैसा पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचा, पण विषय जॅकेट नाही, नदी.

ही पण जाहिरातच? असेल. पण कंपनी १९८५ पासून विक्रीतला १ टक्का पर्यावरणासाठी देतेय. आपण मात्र ‘इको-फ्रेंडली’चं स्टिकर आधी चिकटवतो.

माझं स्पष्ट मत: ज्यासाठी गल्ल्यातून पैसे काढायची तयारी नाही, त्याचं रील बनवू नका. गिऱ्हाइकाला कळतं.