छत्री एक, वायरी मात्र दोन

आमच्या बोरगावात पूर्वी ज्याच्या त्याच्या पत्र्यावर ज्याची त्याची छत्री. आता अपार्टमेंटमध्ये गच्चीवर एकच सामाईक छत्री आणि घरटी एक वायर. रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सचं घोडं तिथंच अडतं.

हे बॉक्स आपल्या देशात 2008 पासून मिळतात. एक चॅनेल बघताना दुसरा भरून ठेवायचा, तर आत ट्यूनर दोन, म्हणून वायरीही दोन. ट्यूनर छत्रीच्या एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून कुठले सिग्नल पाहिजेत ते सांगतो. एकाच वायरीवर दोघांचे दोन हुकूम कसे चालणार? तरी वायरमन साधा स्प्लिटर बसवून "झालं काम" म्हणतो. मग निम्मे चॅनेल गायब, आणि दोष बॉक्सला! गच्चीवर मल्टिस्विच आणि तिथनं घरापर्यंत दुसरी वायर, एवढंच लागतं.

"टीव्हीपायी कशाला एवढा खर्च?" असं सोसायटीच्या मीटिंगला हमखास कुणीतरी म्हणतं. मला नाही पटत. आपल्या सीमाभागात एकाच घरात आजीला मराठी मालिका, नातवाला कन्नड कार्यक्रम, आणि दोन्ही एकाच वेळेला. मग रिमोट लहानाच्या हातात आणि आजी गप्प. (मोबाईलवर बघा म्हणणाऱ्यांनी आधी आजीचा चष्मा बघावा.) तिची मालिका भरून ठेवली तर ती जेवणं उरकून निवांत बघती.

नवीन बांधताय त्यांनी प्लास्टरच्या आधीच दोन वायरी मावतील असा पाइप घालून घ्या. मागाहून भिंत फोडणं लई महागात जातं.