नाक खाली, इंजिन बंद

धुळे-जळगावकडच्या अनेक घरांत संगणक आला आणि त्याच्याबरोबर लढाऊ विमाने उडवण्याचे खेळही आले. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धावरचा ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ (२०११) हा त्यांपैकीच एक. मुले त्यात ब्रिटिशांचे स्पिटफायर घेऊन शत्रूच्या मागे लागतात. दांडा झटकन पुढे लोटून विमानाचे नाक खाली करतात, तोच इंजिन आचके देऊन बंद पडते. जर्मन विमान मात्र सहज निसटते. मुले म्हणतात, खेळ बिघडला. मोठी माणसे म्हणतात, बंद कर आणि अभ्यासाला बस.

वाचकहो, खरा अभ्यास इथेच सुरू होतो.

खेळ बिघडलेला नाही. १९४० साली खरे स्पिटफायर असेच वागत होते. त्याच्या मर्लिन इंजिनाला कार्बोरेटर होता आणि त्यात पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट. आपल्या जुन्या मोटारसायकलींत असतो, तसाच. एस.टी. खड्ड्यात गेली की मागच्या बाकावरचा माणूस वर उसळतो. विमान एकाएकी खाली झुकले की आतले पेट्रोल तसेच वर उसळे. क्षणभर इंजिन उपाशी राही. मग फ्लोट उलटा सरकून पेट्रोलची वाट सताड उघडी होई आणि जादा पेट्रोलाने इंजिन गुदमरे. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये पंपाने पेट्रोल थेट फवारले जाई, म्हणून त्याला ही अडचण नव्हती. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करून मग खाली सूर मारावा लागे. तेवढा वेळ जीवावर बेतणारा होता.

यावर तोडगा काढला एका बाईने. बिअट्रिस शिलिंग यांचा जन्म १९०९ चा. मँचेस्टर विद्यापीठात त्या अभियंता झाल्या. मोटारसायकलच्या शर्यतीतही उतरत. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत असताना त्यांनी पेट्रोलच्या वाटेत भोक असलेला एक लहानसा धातूचा तुकडा बसवला. भोक एवढेच, की इंजिन पूर्ण जोरात असताना लागेल तेवढेच पेट्रोल आत यावे. १९४१ मध्ये त्या सहकाऱ्यांसह विमानतळोविमानतळी गेल्या आणि हे तुकडे बसवून दिले. इंजिनाचे गुदमरणे थांबले. पूर्ण इलाज पुढे नव्या पद्धतीच्या कार्बोरेटरने झाला.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. खतावणी जुळली नाही म्हणून आम्ही वही फेकत नाही. चुकलेली नोंद शोधतो. यंत्राचेही तसेच आहे.

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर आणि जळगाव विमानतळावर शिकाऊ वैमानिक उड्डाण करतात. आपल्या वस्तीतली मुले माना वर करून ती विमाने पाहतात. वैमानिक होण्याचा खर्च आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे खरे. पण विमान असे का वागले, हे विचारायला पैसे पडत नाहीत. विमान तपासणारे आणि दुरुस्त करणारे हातही लागतातच.

तेव्हा मुलगा ‘खेळ बिघडला’ म्हणाला, तर ‘का बिघडला ते शोध’ म्हणा आणि विज्ञानाचे पुस्तक पुढे ठेवा. मुलगी विचारायला आली, तर तिला चुलीकडे पिटाळू नका. शिलिंगबाईंची गोष्ट तिला आधी सांगा.