स्कीवरचे नाव नव्हे, पायाचे माप पाहा



माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे लिहिताना कुठे इंदुरी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या इंदुरात बर्फ दिसतो तो सराफ्यातल्या गोळ्यात, नाहीतर उसाच्या रसाच्या दुकानात. तरीही गेला महिनाभर माझ्या कार्यालयात चर्चा आहे ती स्कीची. हिवाळी सहल पुन्हा मनालीला न्यायची आहे. नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारले, "सर, मुलासाठी रोसिन्योल घेऊ की ऍटॉमिक?" दुसऱ्याच दिवशी एका विश्वस्तांनी सुचवले की, शाळेनेच चांगल्या कंपनीच्या बारा जोड्या विकत घेऊन ठेवाव्यात. दोघांचाही हेतू चांगला आहे. पण दोघांनाही माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे सर्वांसमोर मांडणे मला योग्य वाटते.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या सहलीत सोलंगच्या वाटेवर एका दुकानातून आपण मुलांसाठी स्की भाड्याने घेतल्या. त्यांवर नामांकित कंपनीचे नाव होते. "कंपनी मोठी आहे ना, मग झाले," असे मीच म्हणालो आणि पैसे दिले. दुकानातल्या मुलाने कोणाचे वजन विचारले नाही, मीही सांगितले नाही. तासाभराने आठवीतली एक मुलगी अगदी सौम्य उतारावर पडली. पडल्यावर बुटापासून स्की सुटायला हवी होती, ती सुटली नाही. गुडघा पिरगळला. पुढचे सहा आठवडे ती कुबडी घेऊन वर्गात येत होती. आधीच्या कुणा वजनदार गिऱ्हाइकासाठी घट्ट केलेला खटका तसाच राहिला होता, हे नंतर प्रशिक्षकांनी दाखवले. तिच्या आईवडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणूनच ती गोष्ट मला जास्त लागली.

या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. त्यावर लहानशा खिडकीत एक आकडा असतो. तो स्कीपटूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून तक्त्यावरून ठरवतात. हलक्या मुलाचा आकडा एक-दोनच्या आसपासही असू शकतो. हे काम जाणकाराचे आहे, अंदाजाने करायचे नव्हे. स्कीवर कोणाचेही नाव असो, आकडा चुकला तर ते नाव गुडघा वाचवत नाही.

मग कंपन्यांत फरक नाही का? आहे, आणि त्यांचा इतिहासही वाचनीय आहे. फ्रान्सची रोसिन्योल १९०७ सालची, तर ऑस्ट्रियाची फिशर १९२४ची. टेनिसच्या रॅकेटमुळे आपल्या मुलांना माहीत असलेली हेड ही हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने १९५०मध्ये धातूची स्की बनवण्यासाठी काढली. स्लोव्हेनियाच्या एलानने १९९०च्या दशकात मध्ये निमुळती, टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली आणि वळणे घेणे सोपे झाले. पुढे सगळ्यांनीच तो आकार उचलला. आज ऍटॉमिक आणि सॅलोमन एकाच उद्योगसमूहाच्या आहेत. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मोठी कंपनी नवशिक्यासाठी मऊ स्कीही बनवते आणि शर्यतीसाठी कडकही. एकाच कंपनीच्या या दोन स्कींमधला फरक, दोन कंपन्यांच्या नवशिक्या स्कींमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. 'रोसिन्योल की ऍटॉमिक' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. 'कोणासाठी आणि कोणत्या उतारासाठी' हे आधी विचारले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, दुकानात गेल्यावर एवढे पाहा. पहिले बूट. त्याचे माप म्हणजे सेंटीमीटरमध्ये पायाची लांबी. एकच पातळ मोजा घालून बूट चढवा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत. टाच उचलली जात असेल तर दुसरा बूट मागा, लाजू नका. मग स्की. नवशिक्याला हनुवटीच्या आसपास पोचणारी मऊ स्की पुरे. फार लांब असली की वळत नाही. लोखंडी कडा गंजलेल्या नाहीत ना, तळाला खोल चरे नाहीत ना, स्की सुटल्यावर तिला थांबवणारे ब्रेक नीट उघडतात ना, हे पाहा. शेवटी आपले वजन खरे सांगा आणि बाइंडिंगचा आकडा आपल्यासमोर लावून घ्या.

पालकांना विनंती अशी की, वर्षातून चार दिवसांसाठी स्की विकत घेऊ नका. स्की, बाइंडिंग आणि बूट मिळून खर्च सहज ५० हजारांच्या वर जातो आणि वाढत्या मुलाला दोन वर्षांत सगळेच लहान होते. मुलाला खरोखर गोडी लागली तर आधी फक्त बूट घ्या, कारण पाय ज्याचा त्याचा असतो. आणखी एक गोष्ट मनात येते. बारा मुलांत एकाच्याच पायात कोरी करकरीत स्की असेल, तर बाकीच्या अकरांचे लक्ष उताराकडे राहत नाही.

विश्वस्तांना माझे निवेदन आहे की, बारा जोड्यांचा पैसा प्रशिक्षणावर लावावा. मनालीतील अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था या दोन्ही सरकारी संस्था शिकवतात. अशा ठिकाणी साहित्य देणारा आणि शिकवणारा एकच असतो, त्यामुळे जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरत नाही. आपल्या कपाटात पडून राहिलेल्या बारा जोड्यांच्या कडांना इंदूरच्या पावसाळ्यात कोण तेलपाणी करणार?

२०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता गुलमर्गचा आरिफ खान. त्याच्या वडिलांचे तिथे स्कीच्या साहित्याचे दुकान. ज्याच्या घरीच साहित्य होते, त्यालाही रोज बर्फावर उतरून घाम गाळावा लागलाच. नाव कमवायचे असते ते असे.

यंदा सहलीला मुलांच्या वजनाची, उंचीची आणि पायाच्या मापाची यादी माझ्या खिशात असेल. पालकांनी ती माहिती वर्गशिक्षकांकडे वेळेवर द्यावी, ही विनंती.

आपला,
मुख्याध्यापक