आर्टिकलशिप: ओळखीची सही की दोन वर्षांचे काम?



बारावीच्या परीक्षा संपत आल्या की एगैला, मंगाफ, महबूला, फहाहील या आपल्या पट्ट्यातल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो: आता पुढे काय? इंजिनिअरिंग आणि मेडिकलची माहिती प्रत्येकाकडे असते. कॉमर्सच्या मुलांबाबत मात्र "सीए करायचं म्हणतोय" इथेच बोलणे थांबते. त्यात सिडनीच्या किंवा लंडनच्या नातेवाइकांकडून 'कॅडेटशिप' हा शब्द कानावर येतो. शाळा संपताच मुलाला मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत घेतात, पगार देतात आणि शिक्षणही चालू राहते, असे समजते. मग प्रश्न येतो, आपल्या मुलांना असे काही मिळेल का?

मिळेल, पण त्याचे नाव वेगळे आहे आणि रीतही वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅडेटशिपला बहुतेक ठिकाणी तिथले नागरिकत्व किंवा कायम निवासाचा परवाना लागतो, त्यामुळे कुवेतमधून अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांना ते दार जवळजवळ बंदच असते. भारतात हेच काम सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, १९४९ साली स्थापन झाल्यापासून करून घेत आली आहे. तिला आपण आर्टिकलशिप म्हणतो. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडे शिकाऊ म्हणून करारावर राहायचे, काम करायचे आणि शिकायचे.

या आर्टिकलशिपमध्ये १ जुलै २०२३ पासून मोठा बदल झाला. त्याचा अर्थ आपल्याकडच्या पालकांपर्यंत अजून पुरता पोहोचलेला दिसत नाही, म्हणून हा लेख.

काय बदलले?

पूर्वी प्रशिक्षण ३ वर्षांचे होते, ते आता २ वर्षांचे झाले. पूर्वी इंटरमिजिएटचा एक ग्रुप पास झाला तरी प्रशिक्षण सुरू करता येत असे, आता दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात. प्रशिक्षण संपल्यावर ६ महिन्यांनी फायनल देता येते, म्हणजे अभ्यासाला स्वतंत्र वेळ मिळतो. फायनलच्या आधी स्वतः शिकून पुरे करायचे चार ऑनलाइन भागही आहेत. परीक्षांची संख्याही वाढली. फाउंडेशन आणि इंटरमिजिएट २०२४ पासून, तर फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते.

हिशेब मांडून पाहू. मार्चमध्ये बारावी आणि मे-जूनमध्ये फाउंडेशन दिली. पुढल्या वर्षी मेमध्ये इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप दिले. निकालानंतर संगणक व ओरिएंटेशनचा कोर्स करून आर्टिकलशिप सुरू केली, ती दोन वर्षांनी संपली. मग सहा महिने अभ्यास करून फायनल. कुठेही अडखळले नाही, तर बारावीनंतर साधारण चार वर्षांत मुलगा किंवा मुलगी सीए होऊ शकते.

"कुठेही अडखळले नाही तर" हे शब्द मात्र नीट वाचावेत. जून २०२४ आणि मे २०२५ या दोन्ही वेळी फाउंडेशनचा निकाल १५ टक्क्यांच्या आसपास लागला. शाळेत ९० टक्के मिळवणारी मुलेही इथे पहिल्या फटक्यात अडतात. त्यात कमीपणा नाही, पण घरच्यांनी हे आधीच गृहीत धरलेले बरे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण परीक्षेत नाही, मधल्या दोन वर्षांत आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलाच्या ओळखीत चार सीए असतात, कॉलेजातले सीनियर कुठल्या फर्ममध्ये काय शिकवतात ते सांगतात. आपली मुले इथून जातात तेव्हा त्यांना फर्म ठाऊक नसतात, सीनियर नसतात, शहरही धड ठाऊक नसते. अशा वेळी आई-वडील आपल्या परीने मदत करायला धावतात. मामांच्या सोसायटीतले सीए, काकांच्या धंद्याचे हिशेब पाहणारे सीए, अशा कुणाला तरी फोन जातो. "मुलाला तुमच्याकडे घ्या हो" इथपर्यंत ठीक आहे. पण कधी कधी पुढचे वाक्य येते: "ऑफिसला रोज आला नाही तरी चालेल, त्याला अभ्यासाला वेळ हवा."

यालाच 'डमी आर्टिकलशिप' म्हणतात. कागदावर नोंदणी, हजेरी आणि सह्या सगळे असते, पण मुलगा क्लासमध्ये नाहीतर घरी असतो. आयसीएआयने याविरुद्ध वेळोवेळी इशारे दिले आहेत. पकडले गेले तर मुलाचे प्रशिक्षण रद्द होऊ शकते आणि सही करणाऱ्या सीएवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायद्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी साधा हिशेब पाहा. प्रशिक्षण ३ वर्षांचे असताना एखादे वर्ष वाया गेले तरी दोन उरत. आता मुळात दोनच वर्षे आहेत. ती कागदावर घालवली तर हातात काय उरते?

नोकरीच्या मुलाखतीत हे लगेच उघडे पडते. "तू केलेल्या ऑडिटमध्ये काय सापडले?" या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते.

हे काम का महत्त्वाचे?

आर्टिकलच्या वाट्याला येणारे काम दिसायला किरकोळ असते. ३१ मार्चला गोदामात जाऊन माल मोजायचा, तिजोरीतली रोकड मोजायची, बिले आणि नोंदी पडताळायच्या. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचे ऑडिट आले की सांगली, सोलापूर, जालना, कुठे पाठवतील तिथे जायचे. पुढे विवरणपत्रे, टॅक्स ऑडिट, जीएसटी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तपासणीत तिजोरीतली रोकड पुस्तकांपेक्षा कमी भरली आणि १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. त्याआधी २०१९ साली पीएमसी बँकेचे प्रकरण झाले, त्यात लेखापरीक्षकांनाही अटक झाली होती. सहकारी बँकांत ज्यांच्या आई-वडिलांच्या आयुष्यभराच्या ठेवी आहेत, त्यांना यातली धग वेगळी सांगायला नको. रोकड खरोखर मोजली का, हा प्रश्न किरकोळ नाही. उद्या ज्याच्या सहीवर लोक पैसे ठेवणार आहेत, त्याने आज ते मोजायला शिकायला हवे.

शिवाय सध्या नियमच बदलत आहेत. भारतात १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. आखातातही करांचे दिवस आले. सौदी अरेबिया आणि अमिरातीत २०१८ पासून, बहरीनमध्ये २०१९ पासून आणि ओमानमध्ये २०२१ पासून व्हॅट लागला. कुवेतने व्हॅट लावलेला नाही, पण १ जानेवारी २०२५ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर आणला. म्हणजे भारतात नीट काम शिकून परत येणाऱ्याला इकडेही कामाला वाव आहे.

इथून तयारी कशी करावी?

पहिली गोष्ट, फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते आणि परीक्षेआधी चार महिने नोंदणी झालेली लागते. अलीकडच्या वर्षांत आयसीएआयच्या परदेशी परीक्षा केंद्रांत कुवेतचाही समावेश आहे. भारतात दुपारी २ वाजता सुरू होणारा पेपर इथे सकाळी ११.३० ला असतो. त्यामुळे फाउंडेशनसाठी लगेच भारतात जायलाच हवे असे नाही. पहिली परीक्षा घरी राहून दिली, तर या मार्गावर पुढे जायचे की नाही याचा अंदाजही खर्च होण्याआधी येतो.

दुसरी गोष्ट, पदवी. बरीच मुले सीए करताना इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतात. नियमित कॉलेज आणि आर्टिकलशिप यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, आणि दुसरा अभ्यासक्रम करायचा तर परवानगी लागते. हे प्रवेश घेण्याआधी पाहावे.

तिसरी गोष्ट, अर्ज. आयसीएआयचे आर्टिकलशिपसाठीचे पोर्टल आहे, त्यावर फर्म आणि विद्यार्थी दोघेही नोंद करतात. बड्या संस्था चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत घेतात. दोन्ही ग्रुप एकदम आणि पहिल्या प्रयत्नात पास झालेल्यांकडे त्यांचा कल असतो. मध्यम फर्मना मुलाने स्वतः एक पानी माहितीपत्र आणि चार ओळींचे सरळ पत्र पाठवले तरी पुष्कळदा बोलावणे येते. हे पत्र मुलाने लिहावे, बाबांनी नव्हे.

बड्या संस्थेचे नाव मोठे असते, पण तिथे एकाच कंपनीच्या एकाच भागावर महिनोन्महिने काम पडू शकते. दहा-पंधरा माणसांच्या फर्ममध्ये ऑडिट, आयकर, जीएसटी सगळ्याला हात लागतो, पण शिकवणारा कसा आहे यावर बरेच अवलंबून असते. म्हणून मुलाखतीत मुलांनीही विचारावे: कोणत्या प्रकारचे काम मिळेल? काम कोण तपासून देते? परीक्षेची रजा कशी असते? आणि त्या फर्ममधल्या सध्याच्या एखाद्या आर्टिकलशी बोलावे. एकदा करार झाला की फर्म मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही, त्याला ठरावीक कारणेच चालतात. काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचे कागद गेले की नाही, याची खातरजमा मुलाने स्वतः करावी.

चौथी गोष्ट, पैसे. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतो आणि त्यात पुण्या-मुंबईत एका खोलीचे भाडेही निघत नाही. एके काळी तर शिकाऊ उमेदवारच गुरूला प्रीमियम देत असे! तेव्हा दोन वर्षांचा राहण्या-जेवण्याचा खर्च घरून जाणार, असे धरूनच चालावे.

पाचवी गोष्ट, इकामा. कुवेतबाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिले की साधारणपणे इकामा रद्द होतो. कलम २२ वर असलेल्या मुलाला त्या इकाम्यावर इथे नोकरीही करता येत नाही. भारतात पाठवण्याआधी आपल्या मुलाबाबत काय लागू होते, हे संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे. ज्यांना मुलाला इथेच ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी ब्रिटनच्या एसीसीएचा मार्ग आहे. त्यात ३६ महिन्यांचा अनुभव कोणत्याही देशात घेता येतो. पण त्यासाठीही इथे रीतसर नोकरीचा परवाना हवाच.

ताणाबद्दल दोन शब्द

२०२४ साली पुण्यात एका बड्या संस्थेत रुजू होऊन चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीचे निधन झाले. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रातून कामाच्या ताणावर देशभर चर्चा झाली. आर्टिकलसाठी आठवड्याला किमान ३५ तास हा नियम आहे, हंगामात ते कितीतरी वाढतात. मुलगा दूर असतो, फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतो. मोठ्या फर्मचा हट्ट आपला आहे की त्याचा, हे पालकांनी एकदा स्वतःला विचारावे. आणि न झेपल्यास परत येण्यात नामुष्की नाही, हे त्याला जाण्याआधी स्पष्ट सांगावे.

आपण काय करू शकतो?

आपल्या मुलांकडे काही जमेच्या बाजूही आहेत. इंग्रजी चांगले असते, अनेक देशांच्या माणसांत वावरायची सवय असते. कमी पडते ती मराठी. पतसंस्थेचे इतिवृत्त, जमिनीचा सातबारा, ग्रामीण शाखेतला कर्जाचा अर्ज, हे सगळे मराठीत असते. इथे शाळेत हिंदी किंवा फ्रेंच घेतलेला मुलगा मराठी बोलतो, पण हाताने लिहिलेली मराठी वाचताना थांबतो. महाराष्ट्रात ऑडिटला जाणाऱ्याला ती वाचता येणे ही चक्क व्यावसायिक गरज आहे. तेव्हा अकरावी-बारावीत आठवड्यातून एक तास मराठी वाचनाला द्यायला हरकत नाही.

कुवेतमध्ये आयसीएआयचे चॅप्टर आहे आणि आपल्या मंडळींतही अनुभवी सीए आहेत. त्यांच्याकडे सहीची ओळख मागण्यापेक्षा दुसरे काही मागावे: मुलाची अर्धा तास सराव-मुलाखत घ्या, त्याचे पत्र तपासून द्या, कोणत्या फर्ममध्ये खरोखर शिकवतात ते सांगा. अशी मदत करायला कुणी नाही म्हणणार नाही, आणि ती मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांना पुरेल.

यंदा ज्यांची मुले अकरावीत आहेत, त्यांनी या सुट्टीतच सुरुवात करावी. भारतात गेलात की नातेवाइकांच्या भेटीगाठींतून एक सकाळ काढा आणि मुलाला एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन तास नुसते बसून काम पाहू द्या. त्याला ते आवडले की नाही, हे त्यानेच तुम्हाला सांगू दे.