नाव घातलेली भांडी

दिवाळीच्या आधी माळा रिकामा करायचा, ही आमच्या घरची रीत. एकानं शिडीवर चढायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहून सामान झेलायचं आणि आईनं मधल्या घरात बसून ‘हे ठेवा, हे काढा’ असा निवाडा करायचा. यंदा ‘काढा’च्या ढिगात एक पितळी पातेलं होतं. कल्हई गेलेली, बुडाला पोचा आलेला, काळवंडून लोखंडासारखं दिसणारं. भंगारवाला दुपारी यायचा होता. तेवढ्यात काठाखाली बोटाला काही खरखरीत लागलं, म्हणून चिंचेच्या कोळानं तेवढीच जागा घासली. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं वर आली. मामानं भाचीला लग्नात दिलेलं ते भांडं होतं. शेवटी साल होतं १९५१. भाची म्हणजे आमची आजी.

आईनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तासभर आवरणं थांबलं. मामा गिरणीत होते, भांड्याचे पैसे त्यांनी थोडे थोडे करून फेडले होते, लग्नाच्या पंगतीचं वरण याच पातेल्यात शिजलं होतं. हे सारं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. दुपारी भंगारवाला आला आणि रद्दी घेऊन गेला. पातेलं घरात राहिलं.

यंदाचा दिवाळी अंक आम्ही जुन्या वस्तूंना आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या माणसांना वाहिला आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशी नाव घातलेली भांडी पथारीवर मांडलेली असतात. कुणाच्या मुंजीतला तांब्या, कुणाच्या डोहाळजेवणातलं ताट. विकणारा ते वजनावर घेतो आणि नगावर विकतो. नाव भांड्यावर तसंच असतं, पण त्या नावामागचं घर सांगणारं तिथे कुणी नसतं. हा अंक जुळवताना मला मात्र सारखं एक लांबचं शहर आठवत राहिलं. ज्या शहराला सुरुवातीला माळाच नव्हता, असं शहर. चंडीगड.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि इकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी गावं होती, शेतं होती, आंब्याची झाडं होती. तिथे कोरं शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले आणि १९५१ मध्ये वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम आलं. म्हणजे आजीच्या पातेल्यावर अक्षरं ठोकली जात होती त्याच वर्षी या शहराच्या रेघा कागदावर उमटत होत्या.

इथे राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांनी घर, दुकान, भांडीकुंडी सगळं सरहद्दीपलीकडे सोडलं होतं. शहराचा सरकारी ठेवासुद्धा वाटणीतून आलेला. लाहोर संग्रहालयातल्या वस्तू १९४८ मध्ये वाटल्या गेल्या, साठ टक्के तिकडे आणि चाळीस टक्के इकडे. मोहेंजोदडोच्या माळांचे मणीही त्या काळात मोजून वाटले गेले. भावाभावांत वेगळं होताना घंगाळ कुणाकडे आणि समया कुणाकडे यावरून झालेले अबोले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे मणी मोजणारे हात डोळ्यांपुढे आणता येतील. भारताच्या वाट्याची गांधार शिल्पं आणि पहाडी लघुचित्रं वर्षानुवर्षं बिऱ्हाडं बदलत राहिली. अखेर १९६८ मध्ये चंडीगडच्या सेक्टर १० मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं.

या नव्या शहराला बसायला खुर्च्या हव्या होत्या. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, वाचनालयं, वसतिगृहं, सगळीकडे एकदम. कॉर्ब्युझिए वर्षातून थोडे दिवस येऊन जात. त्यांचे चुलतभाऊ पिअर जानरे मात्र इथेच राहिले, १९५१ ते १९६५. फर्निचरची आखणी मुख्यतः त्यांची. यूली चौधरींसारखे इथले वास्तुविशारदही त्या कामात होते. लाकूड बहुतेक सागवान, कारण ते वाळवीला आणि पावसाळी हवेला दाद देत नाही. बैठकीला वेत, कारण उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो. पाय उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे, म्हणजे कमी लाकडात भक्कम. स्वस्त, टिकाऊ, कुठल्याही सुताराला जमेल असं काम. जानरे या शहरात एवढे रुजले की १९६७ मध्ये जिनिव्हात वारल्यावर त्यांच्या रक्षेचं विसर्जन इथल्या सुखना तलावात झालं. सेक्टर ५ मधलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे.

त्या खुर्च्यांवर दोन पिढ्या बसल्या. फायली निकाली निघाल्या, परीक्षा झाल्या, निकालाच्या तारखा पडल्या. वेत तुटला की विणून घेतला, पाय हलला की पाचर मारली. पुढे स्टीलची आणि प्लास्टिकची खुर्ची आली, आणि कचेऱ्यांमधून एक शब्द ऐकू येऊ लागला, ‘कंडम’. कंडम खुर्च्या गच्च्यांवर, जिन्यांखाली, आवारात रचल्या गेल्या. पावसात भिजल्या. मग लिलाव झाले आणि जळाऊ लाकडाच्या भावानं ढीगच्या ढीग उचलले गेले.

शतक बदलण्याच्या सुमारास परदेशातले व्यापारी या लिलावांना येऊ लागले. त्यांनी खुर्च्या नेल्या, दुरुस्त केल्या, नवा वेत विणला आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावघरांत मांडल्या. चंडीगडचा नकाशा ओतलेली गटाराची बिडाची झाकणंसुद्धा तिकडे पोचली. एकेका वस्तूला लाखांनी रुपये मिळू लागले. एमी सीगल या अमेरिकन कलावतीनं २०१३ मध्ये या प्रवासावर एक चित्रपट केला. त्यात खुर्ची आधी धनिकांच्या दिवाणखान्यात दिसते आणि मग उलट्या वाटेनं, लिलावघर, दुरुस्तीचा कारखाना, बंदर अशी मागे मागे येत चंडीगडच्या कचेरीत पोचते.

या हकिकतीत एक बारीकशी गोष्ट आहे आणि मला तीच फार लागली. अस्सल खुर्ची ओळखायची कशी? तर तिच्या पाठीवर रंगानं घातलेला कचेरीचा खातेक्रमांक बघून. कुठल्याशा कारकुनानं साठ वर्षांपूर्वी सामानाची नोंदवही भरताना वाचनालयाची, न्यायालयाची, वसतिगृहाची आद्याक्षरं आणि आकडा त्या लाकडावर घातला. खुर्ची एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळवली जाऊ नये, एवढाच हेतू. आज तीच रंगाची ओळ खुर्चीची किंमत वाढवते. आपण भांड्यावर नाव घालतो तेही याचसाठी. पंगतीला शेजारी मागून नेलं तर परत यावं म्हणून. नाव घालणाऱ्याच्या मनात बाजार नसतोच.

२०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं या वारसा-फर्निचरच्या विक्रीला आणि लिलावाला मनाई केली. मोजणी झाली आणि शहरात उरलेल्या १२ हजारांहून अधिक वस्तूंची यादी तयार झाली. पण परदेशातले लिलाव थांबले नाहीत. कारण आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार वस्तू ‘पुरावस्तू’ ठरायला शंभर वर्षं व्हावी लागतात, हस्तलिखिताला पंचाहत्तर. चंडीगडची खुर्ची अजून सत्तरीच्या आसपास आहे. नोकरीतून निवृत्त झालेली, पण कायद्याच्या लेखी अजून वयात न आलेली. वस्तूला सगळ्यात मोठा धोका याच वयात असतो. नवी असते तेव्हा तिला जपतात, प्राचीन झाली की पुजतात, मधल्या काळात ती नुसतीच जुनी असते. आपल्या माळ्यावरचं जवळपास सगळं सामान याच वयाचं आहे.

कायद्यातल्या या उणिवेपेक्षाही मला मोठी वाटते ती दुसरी चूक. चंडीगडला आपल्या खुर्चीचं मोल कळलं ते लिलावाच्या हातोड्यावरून. ते आधी, त्या खुर्चीवर बसणाऱ्यांकडून कळायला हवं होतं. आणि कळल्यावरही ज्यांनी त्या घडवल्या त्यांची नावं फारशी कुणी शोधली नाहीत. खुर्च्या एका कारखान्यात तयार झालेल्या नाहीत. आखणी एक, पण काम स्थानिक ठेकेदारांच्या वेगवेगळ्या कर्मशाळांत विभागलेलं, म्हणून दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर पायाचा उतार, हाताची गोलाई, जोडाची ठेवण थोडी थोडी निराळी निघते. तो फरक म्हणजे सुताराचा हात. लिलावाच्या पुस्तकात आखणी करणाऱ्याचं नाव असतं, कचेरीचं नाव असतं. रंधा मारणाऱ्याचं नसतं. आजीच्या पातेल्याकडे पुन्हा पाहिलं तेव्हा हेच जाणवलं. देणाऱ्याचं नाव आहे, घेणारीचं आहे. पातेलं ठोकणाऱ्या तांबटाचं नाही, आणि ज्यानं दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नीनं ही सुरेख अक्षरं पाडली, त्याचंही नाही.

याच शहरात एका माणसानं टाकलेल्या वस्तूंना वेगळा न्याय दिला. नेकचंद सैनी फाळणीत पलीकडून आलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. नव्या शहरासाठी जी गावं उठवली त्यांच्या मोडक्या घरांचं सामान ठिकठिकाणी पडलं होतं. फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, कौलं, विजेच्या जोडणीची चिनी मातीची बटणं. १९५७ च्या सुमारास त्यांनी ते सायकलवरून जंगलाच्या राखीव पट्ट्यात नेऊन साठवायला सुरुवात केली आणि नोकरी सांभाळून, लपूनछपून, त्यातून माणसं, पक्षी, प्राणी उभे केले. बांधकामाला मनाई असलेल्या जागेतलं हे जग १९७५ मध्ये अधिकाऱ्यांना सापडलं. पाडायची भाषा झाली, पण लोक पाहायला लोटले आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन रीतसर सुरू झालं. १९८४ मध्ये नेकचंदना पद्मश्री मिळाली, २०१५ मध्ये ते गेले. तिथल्या बांगड्यांचे घागरे घातलेल्या बाहुल्यांसमोर उभं राहिलं की वाटतं, ज्या गावांची नावं शहराच्या नकाशावरून गेली, त्या गावच्या बायकांचे हात इथे उरले आहेत.

आपल्याकडे हेच काम पुण्याच्या दिनकर केळकरांनी केलं. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस वाडे पडू लागले तेव्हा दारोदार हिंडला. अडकित्ते, दिवे, फण्या, कोरीव दारं, वाद्यं, जे लोकांना अडगळ वाटत होतं ते त्यानं गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये वीसेक हजार वस्तू महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवल्या. त्या वस्तूंवर कुणी बोली लावण्याआधी केळकरांना त्यांच्यात घर दिसलं होतं.

वस्तू जपली तरी तिच्याभोवतीची माणसं निसटू शकतात, हेही चंडीगडनं दाखवलं. सेक्टर ५३ आणि ५४ लगतचा फर्निचर बाजार जुलै २०२५ मध्ये प्रशासनानं हटवला. शंभराहून अधिक दुकानं होती. जमीन सरकारी होती, कायदा आपल्या जागी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण असा बाजार म्हणजे नुसती दुकानं नसतात. कोणत्या पलंगाला कोणता सुतार, पॉलिश कुणाचं टिकतं, वेत अजून कोण विणतं, हे ज्ञान एका गल्लीत शेजारीशेजारी बसलेलं असतं. गल्ली उठली की ते शहरभर पांगतं आणि पुन्हा एकत्र येत नाही. आपल्या गावातला कल्हईवाला शेवटचा कधी आला होता, हे आठवून पाहा.

या अंकातल्या लेखकांनी वस्तूंबरोबर अशी माणसंही शोधली आहेत. त्यांना आम्ही एकच विनंती केली होती, की वस्तूची किंमत लिहू नका, तिच्यावर कुणाचा हात फिरला ते लिहा. त्यांनी ती मनापासून पाळली. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. पुढे तो रद्दीतही जातो. पण पदपथावर जुना अंक उचलावा आणि आतल्या पानावर एखाद्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि क्रमांक दिसावा, असं अनेकदा होतं. त्या शिक्क्यामागे किती घरांतून तो अंक फिरला असेल, याचा अंदाज करत मी तिथेच उभा राहतो. हा अंकही कधीतरी तसाच कुणाच्या हाती लागेल, या भरवशावर आम्ही तो काढला आहे.

पंजाब-हरियाणात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याला, कारागीर विश्वकर्म्याची पूजा करतात. करवत, रंधा, पटाशी, हातोडा धुऊनपुसून मांडतात, त्यांना टिळा लावतात आणि त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. चंडीगडच्या खुर्च्या ज्या हातांनी घडवल्या, त्यांनीही वर्षानुवर्षं या दिवशी विश्रांती घेतली असेल. आपल्या घरी पाडव्याला ओवाळणी होईल, तेव्हा माळ्यावरून उतरलेली एखादी वस्तू पाटाशेजारी ठेवा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तिच्याबद्दल विचारा आणि ते सांगतील तसं एका कागदावर लिहून घ्या. कुणी दिली, कुणी वापरली, आणि आठवत असेल तर, कुणी घडवली. कागद वस्तूच्या आत ठेवा.

आमच्या पातेल्याला कल्हई करायची आहे. कल्हईवाला शोधतो आहे. सापडला की आधी त्याचं नाव विचारणार आहे, आणि आईच्या हस्ताक्षरातल्या कागदावर शेवटच्या ओळीत ते लिहिणार आहे.



— संपादक