आठ तासांचे बंदर

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, हे आपण मराठी शाळेच्या बाकावर बसल्यापासून ऐकत आलो. पण देशाटन म्हणजे नेमके काय, किती दिवसांचे आणि काय भावाचे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला असे प्रश्न पडणे साहजिकच आहे. वसंत ऋतूत जपानच्या किनाऱ्याने फिरणाऱ्या प्रवासी जहाजांची काही रंगीत माहितीपत्रके अलीकडे पाहण्यात आली आणि त्यावरून आमच्या वर्गात चांगलाच वाद रंगला. एक पक्ष म्हणतो, ही धनिकांची चैन, आपल्याला तिचे काय? दुसरा पक्ष म्हणतो, दहा-बारा दिवसांत जपानची संस्कृती आणि सृष्टिसौंदर्य दोन्ही पदरात पडत असतील तर आणखी काय हवे? माझ्या मते दोन्ही पक्ष घाई करतात. माल पारखल्याशिवाय भाव करू नये. तेव्हा आधी माल पाहू.

या सफरीचा खरा नायक म्हणजे साकुरा, अर्थात चेरीचा फुलोरा. जपानात सर्वत्र दिसणारी ‘सोमेइ योशिनो’ ही जात कलमांनी वाढवलेली आहे. त्यामुळे एका गावातली तिची झाडे एकाच सुमारास फुलतात आणि थोड्याच दिवसांत पाकळ्या गळूनही जातात. मार्चच्या अखेरीस दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर दिसणारा हा बहर उत्तरेकडे सरकत सरकत मेच्या आरंभी होक्काइदोपर्यंत पोचतो. ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की तेथील हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. क्योतो शहरात तर जुन्या रोजनिशांच्या आधाराने सुमारे बाराशे वर्षांच्या बहराच्या तारखा जुळवल्या गेल्या आहेत. २०२१ साली तेथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला. तोवरच्या सर्व नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. हवामान बदलते आहे याची याहून सुंदर आणि याहून खिन्न साक्ष दुसरी कोणती असेल? जहाजाचे वेळापत्रक मात्र कितीतरी महिने आधी छापून तयार असते. फुलांना ते कोणी वाचून दाखवावे?

जहाज बहुधा योकोहामा किंवा कोबेहून निघते. वाटेत हिरोशिमा लागते. तेथून जवळच इत्सुकुशिमा देवस्थानचे तांबडे महाद्वार भरतीच्या पाण्यात उभे असते. नागासाकी लागते. जपानने पाश्चात्त्यांना दारे बंद केली होती तेव्हा १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षे डच व्यापाऱ्यांना तिथल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर तेवढा थारा होता. कानाझावाला केनरोकुएन हे प्रसिद्ध उद्यान, तर उत्तरेला हाकोदाते येथे ताऱ्याच्या आकाराचा गोर्योकाकु किल्ला आणि त्याच्या खंदकाकाठी फुललेली चेरी. गंमत अशी, की ‘जपान सफर’ म्हणवणारे परदेशी जहाज मध्येच कोरियातल्या पुसानला जाऊन येते. याचे कारण सौंदर्यात नाही, कायद्यात आहे. १८९९ च्या जपानी जहाज कायद्याने देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वा माल नेण्याचा हक्क जपानी जहाजांसाठी राखून ठेवला आहे. परदेशी जहाजाने एखादे परके बंदर शिवले, की ही अडचण सुटते. ‘आसुका’सारख्या जपानी निशाणाच्या जहाजांना ही प्रदक्षिणा घालावी लागत नाही. म्हणजे ज्याला आपण निसर्गदर्शन समजतो, त्याचा नकाशाही शेवटी व्यापाराच्या नियमानेच आखला जातो!

यात वाईट काही नाही. किंबहुना जपानचा हा किनारा पूर्वीपासून व्यापारानेच घडवला आहे. १६७२ मध्ये कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने उत्तरेकडच्या साकाता बंदरातला सरकारी तांदूळ जपानी समुद्रातून, शिमोनोसेकीला वळसा घालून, ओसाका आणि एदोपर्यंत नेण्याचा मार्ग बसवून दिला. पुढे अठराव्या शतकापासून याच मार्गावर ‘कितामाएबुने’ नावाची शिडाची गलबते गाजली. ती वसंतात ओसाकाहून निघत, बंदरे घेत घेत उन्हाळ्यापर्यंत होक्काइदो गाठत आणि हिवाळ्यातला समुद्र खवळण्यापूर्वी परतत. वर्षाला एक खेप. आजच्या वसंत सफरीचा मार्ग आणि मुहूर्त पुष्कळसा तोच आहे.

पण धंद्याची रीत वेगळी होती. ही गलबते नुसते भाडे घेऊन दुसऱ्याचा माल वाहत नसत. गलबताचा मालक स्वतःच्या भांडवलावर प्रत्येक बंदरात माल घेई आणि विकी. इथला स्वस्त माल तिथे महाग, या दोन भावांमधले अंतर हाच त्याचा नफा. एका खेपेत हजार र्यो मिळतात, अशी म्हणच पडली होती. जाताना तांदूळ, मीठ, कापूस, जुने कपडे. येताना होक्काइदोचे हेरिंग मासे आणि कोंबू नावाचे समुद्रशेवाळ. हेरिंग उकडून, तेल काढून उरलेला चोथा पश्चिम जपानातल्या कापसाच्या आणि निळीच्या शेतांना खत म्हणून जाई. उत्तरेचा मासा दक्षिणेच्या सदऱ्यात असा उतरे. होक्काइदोच्या किनाऱ्यावर वाढणारे कोंबू ओसाका-क्योतोच्या स्वयंपाकात इतके मुरले, की ज्या सारावर तेथील पाककला उभी आहे ते त्याच्याशिवाय होत नाही. तोयामा ही काही कोंबूची भूमी नव्हे, तरी कोंबूच्या पट्ट्यांत मुरवलेला कच्चा मासा ही तेथली खासियत. थंड प्रदेशात कापूस पिकत नसे, म्हणून गलबतांतून आलेल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून तिकडच्या बायकांनी नवे जाड कापड केले. क्यूशूजवळच्या उशिबुका बंदरातले खलाशांचे ‘हाइया’ गाणे बंदरोबंदरी उतरत गेले, दर ठिकाणी त्याने तिथले शब्द घेतले आणि सादो बेटापर्यंत त्याची निराळीच रूपे झाली. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटत नाही. गाण्याला आणि हिशेबाला हद्दीचा दगड दिसत नाही.

या व्यापाराचा अंतही वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्र आले. ओसाकाचा भाव त्याच दिवशी उत्तरेत कळू लागला. भावातले अंतर मिटले आणि नफाही मिटला. मग आगगाडीने उरलासुरला मालही ओढून नेला.

आता नवे जहाज जुन्या गलबताशेजारी उभे करून पाहा. गलबताचा सगळा धंदा बंदरात होता, जहाजावर फक्त वाट पाहणे. नव्या जहाजाचा धंदा जहाजावरच असतो. जेवण, दुकान, करमणूक, सगळे आत. ते साधारणतः सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सुटते. मध्ये सात-आठ तास. त्यातले बसमध्ये किती गेले याचा हिशेब माहितीपत्रकात नसतो. क्योतो तर समुद्रकाठी नाहीच. माइझुरूसारख्या बंदरातून जाऊन-येऊन चार तास रस्त्यातच मोडतात. मग जे हाती लागते त्याला संस्कृती म्हणायचे की संस्कृतीचा नमुना, जसा कापडाच्या दुकानात चार बोटांचा तुकडा दाखवतात तसा?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या वृद्धांना सामान उचलून रोज नवे हॉटेल गाठणे झेपत नाही, त्यांना हे जहाज देश दाखवते. तोक्यो-क्योतोच्या गर्दीत कोणी न पाहिलेली लहान बंदरे त्यामुळे नकाशावर येतात. शिवाय किनाऱ्याचा देश समुद्राकडूनच पाहावा, यात तथ्य आहे. म्हणून ‘धनिकांची चैन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझा आक्षेप सफरीला नाही, तिच्या घाईला आहे. दहा दिवसांत आठ बंदरे ‘करण्या’पेक्षा चार बंदरे घ्यावीत आणि प्रत्येकात एक रात्र थांबावे. संध्याकाळी दुकाने बंद होताना आणि पहाटे मासळी उतरताना गाव जसे दिसते, तसे ते दुपारच्या बसमधून दिसत नाही.

परंतु मित्रहो, या वादात आपण एक गोष्ट विसरलो. आपल्यापैकी कोणी उद्या हा किनारा पाहिलाच, तर तो प्रवासी म्हणून पाहण्याचा संभव थोडा. जहाजावरचा नोकर म्हणून पाहण्याचा अधिक. गोव्यातली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवरच्या पगारावर उभी राहिली. आता आपल्या भागातली मुलेही हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यास करून त्याच वाटेने निघाली आहेत. माझ्या एका वर्गमित्राचा गोव्यातला मावसभाऊ दोन वसंत जपानभोवती फिरणाऱ्या जहाजावर होता. साकुरा कसा दिसतो, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “अरे, प्रवासी उतरले की आमच्या खोल्या झाडायच्या सुरू होतात. फुलं पाहिली ती त्यांच्या बुटांना चिकटून आलेली.”

२०२० च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज, जे नागासाकीतच बांधले गेले होते, करोनामुळे योकोहामाला अडकून पडले. त्यावर ३७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी कामावरच होते. जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते आणि प्रवासी अवघे सहा. आपले नाते या सफरीशी कोणत्या बाजूने आहे, ते या दोन आकड्यांतच लिहिलेले आहे.

जुन्या गलबतावरच्या खलाशाचा पगार तुटपुंजाच असे, पण मालाच्या नफ्यातला काही हिस्सा त्याला मिळे. म्हणून बंदर हे त्याचेही बंदर होते. गाणी धक्क्यावर उतरली ती त्याच्याच तोंडून, मालकाच्या नव्हे. आजच्या खलाशाला नफ्यात वाटा मिळेल अशी आशा मी करीत नाही. पण हक्क काही आहेत. २००६ चा सागरी कामगार करार जपानने आणि भारतानेही मान्य केला आहे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती किंवा कामाची कमाल चौदा तासांची मर्यादा, आणि कामाच्या गरजा सांभाळून बंदरात उतरण्याची रजा, या गोष्टी त्यात आहेत. ‘कामाच्या गरजा सांभाळून’ या तीन शब्दांत बाकीचे सगळे कसे बुडवता येते, हे निराळे सांगायला नको. जहाज बंदरात एक रात्र थांबले, तर प्रवाशाला गाव दिसेल आणि नोकरालाही उतरायला सवड मिळेल. सफर सुधारायची तर ती दोघांसाठी एकाच उपायाने सुधारते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून जे विद्यार्थी-मित्र या नोकरीकडे डोळे लावून बसले आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. करारावर सही करताना पगाराचा आकडा जरूर पाहा, त्यात कसली लाज नाही. पण त्याखाली आणखी एक प्रश्न विचारा, की बंदरात उतरायला मिळणार किती तास? उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून मागा.